नागुबाईसाठी प्लेअर

आमच्या क्लासमध्ये विनोदचा हुद्दा काय, हे संचालकांनाही धड सांगता आलं नसतं. प्रश्नपत्रिका टाइप करणं, मुलांचे मार्क कॉम्प्युटरवर चढवणं, बंद पडलेला प्रिंटर चालू करणं आणि चालू प्रिंटर बंद का पडला याचं उत्तर देणं, ही सगळी कामं त्याची. मी फिजिक्स शिकवायचो. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. बाहेरगावची पोरं पाठीला दप्तरं लावून एका सरांकडून दुसऱ्या सरांकडे पळत असायची. बारावीचा निकाल लागला की आमचे फोटो पेपरात आणि चौकात झळकायचे. विनोदचा फोटो कधी लागला नाही, पण फोटोखालची नावं तोच टाइप करायचा. त्यातलं संगप्पा हे नाव माझं. मी मूळचा निलंग्याकडचा.

विनोद माणूस सालस, पण एका बाबतीत पक्का हेकट. क्लासनं नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुन्यातला एक संचालकांनी दिवाळीला त्याला देऊन टाकला. त्यामुळं बोनस द्यावा लागला नाही. विनोदनं तो घरी नेला आणि तिथंच घोडं अडलं. विंडोज चढवायची तर सीडी चोरीची. लातुरात तेव्हा दुसरी कुणी विकत नव्हतं, कारण दुसरी कुणी मागत नव्हतं. क्लासच्या सगळ्या मशीनवर हीच सीडी विनोदनं स्वतःच्या हातानं चढवलेली होती. ते संचालकांचं पाप, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं असावं. पण स्वतःच्या घरात ती आणताना त्याचा हात अडखळला. दर रविवारी विहारात बसून पंचशील म्हणायचं, न दिलेली वस्तू घेणार नाही म्हणायचं, आणि घरी येऊन चोरीच्या सीडीवर काम करायचं, हे त्याला जमेना. तेवढ्यात एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कुणीही घ्या, कुणालाही द्या, अशा बोलीवर.

“सर, हे लोकांनी दिलेलं हाय,” तो मला म्हणाला. “दिलेलं घ्यायला काय हरकत न्हाई.”

“अरे, अख्खं लातूर चोरीच्या सीडीवर चालतंय,” मी म्हणालो. “तू एकट्यानं लिनक्स घेऊन काय होणार आहे?”

“काईच न्हाई व्हनार,” तो म्हणाला, आणि त्यानं लिनक्स चढवलं.

माझ्या म्हणण्याला इतका पूर्ण पाठिंबा देऊन माझं इतकं सपशेल न ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता त्याच्या आईबद्दल. नागुबाई किल्लारीच्या पट्ट्यातल्या एका खेड्यातली. नवरा व्यंकटी गावचा कोतवाल. तो भूकंपात गेला. विनोद तेव्हा आयटीआय करत लातूरला होस्टेलवर राहायचा म्हणून वाचला, आणि नागुबाई अंगणात होती म्हणून वाचली. सगळ्यांना एवढंच माहीत होतं, कारण ती सांगायची तेवढंच. पुढं विनोदला नोकरी लागली, लुंबिनीशी लग्न झालं, दोन मुलं झाली आणि रिंग रोडच्या पलीकडं त्यानं दोन खोल्यांचं घर बांधलं. कॉलम, बीम, स्लॅब, सगळं भूकंपाच्या नियमानं. इंजिनिअरचं त्यानं इतकं डोकं खाल्लं, की त्या माणसानं स्वतःच्या घराला घातलं नसेल एवढं लोखंड या दोन खोल्यांना घातलं. आणि नागुबाई त्या घरात एकदाही झोपली नाही.

अंगणात तीन बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड होतं. तिथं तिची बाज. दिवसभर ती घरात वावरायची, भाकरी थापायची, नातवंडांची भांडणं सोडवायची, दुपारी भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची. दिवे लागले की वाकळ आणि रेडिओ घेऊन बाहेर. म्हातारी छताला भिते, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. आमच्या भागात अशी माणसं थोडी नव्हती. भूकंपानंतर कैक वर्षं चांगले पगारदार लोक अंगणात खाटा टाकून झोपायचे. मग एकेक करून सगळे आत गेले आणि नागुबाई तेवढी राहिली.

त्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले. सोडताना डॉक्टर विनोदला बाजूला घेऊन म्हणाले, “आता एक हिवाळा जरी बाहेर झोपल्या, तर परत माझ्याकडं आणू नका. माझा उपयोग होणार नाही.” डॉक्टरांना गोड बोलायची सवय नव्हती, पण ते खोटंही बोलत नसत. विनोद त्या दिवशी क्लासमध्ये आला आणि त्यानं अकरावीचे मार्क बारावीच्या नावांपुढं चढवले. तो घाबरलाय हे मला तेव्हा कळलं.

त्यानं आईला परोपरीनं सांगून पाहिलं. लुंबिनीनं रडून पाहिलं. नातवंडांनी रुसून पाहिलं. नागुबाईचं एकच: “आत लई सामसूम असतंय रे. काई कळत न्हाई.”

या एका वाक्यावर विनोदनं आपली सगळी इमारत उभी केली. शेडमध्ये ती रेडिओ लावायची. स्टेशन बंद झालं तरी खरखर चालूच ठेवायची. म्हणजे तिला आवाज लागतो. आवाज असला की तिला झोप येते. तर मग घरात रात्रभर न थांबणारा आवाज पाहिजे. रेडिओ रात्री थांबतो. टेपची कॅसेट संपते. टीव्ही आणि कॉम्प्युटर लोडशेडिंगमध्ये मान टाकतात, आणि लोडशेडिंग तेव्हा आमच्याकडं पाहुण्यासारखं नव्हे, घरच्यासारखं असायचं. उरला सेलवर चालणारा, खिशात मावणारा, नवीन निघालेला प्लेअर. मी हा तर्क ऐकला आणि मला तो बिनचूक वाटला. मी फिजिक्सचा माणूस; पायाच चुकलेला असला तर पुढचं गणित कितीही बरोबर येऊन उपयोग नाही, हे मी पोरांना रोज सांगायचो.

प्लेअर लातुरात ढिगानं होते. पण विनोदला लिनक्सवर चालणारा पाहिजे होता. वायर जोडली की तो कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हसारखा आपसूक उघडला पाहिजे, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागता कामा नये. शिवाय लिनक्सवाल्यांची गाणी साठवायची एक आपली रीत होती, ऑग नावाची. तीही त्याला वाजवता आली पाहिजे.

“अरे बाबा, क्लासच्या कॉम्प्युटरवरनं भर ना गाणी,” मी म्हणालो. “आईची झोप महत्त्वाची का तुझं लिनक्स?”

“दोन्ही बी, सर. मायला रोज काय पायजे ते घरीच भरता आलं पायजे. अन् क्लासच्या मशीनीत पोरांच्या पेन ड्राइव्हचे समदे रोग हायत.”

हे खरं होतं. क्लासचा एक कॉम्प्युटर तर चालू केला की आधी आपणहून शिंकल्यासारखा दोनदा बंद व्हायचा.

गंजगोलाईजवळ गुंडप्पाचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. गुंडप्पा माझ्या सासुरवाडीच्या नात्यातला, म्हणून मीच विनोदला तिकडं घेऊन गेलो. त्यानं काचेवर पाच-सात प्लेअर मांडले. पिक्चर दिसणारे, गेम असलेले, रंगीत दिवे मारणारे.

“लिनक्सवर चालतेत का?” विनोदनं विचारलं.

गुंडप्पानं क्षणभर विचार केला. “लाइटवर चालतेत, सेलवर चालतेत. लिनक्सवर का न्हाई चालनार?”

विनोदनं खिशातून सीडी काढली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावून पाहू का म्हणून विचारलं. ही सीडी नुसती घातली की कॉम्प्युटर तेवढ्यापुरता लिनक्सवर चालू होतो, आतलं काही पुसत नाही. हे त्यानं आधी नीट समजावून सांगितलं. गुंडप्पानं मान डोलावली. त्याचं ऐकणं आणि मान डोलावणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो हे मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. कॉम्प्युटर बंद झाला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली, आणि गुंडप्पानं असा हंबरडा फोडला की शेजारचा भांडीवाला पळत आला.

“माझा धंदा पुसला! दुकानाचा समदा हिशोब त्याच्यात हाय!”

काही पुसलेलं नव्हतं. सीडी काढल्यावर सगळं जागच्या जागी निघालं. पण गुंडप्पा त्या वर्षी माझ्याकडं सीताफळं पाठवायला विसरला. दुसऱ्या दुकानात आम्हाला सीडी बाहेर काढू दिली नाही, आणि तिसऱ्या दुकानात बातमी आमच्या आधी पोचलेली होती.

“सर, त्यांच्या मशीनीला हात लावायला नको म्हनतेत, ते बराबर हाय,” विनोद म्हणाला. “आपलीच मशीन न्यावी.”

दिवाळीच्या सुट्टीत मी भाऊबीजेला अर्धापूरला बहिणीकडं निघालो होतो. वाटेत नांदेड. नांदेडला मोठा बाजार, आणि तिथं विनोदची कीर्ती अजून पोचलेली नव्हती. तो सकाळी स्टँडवर आला तेव्हा त्याच्या कडेवर चादरीत गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं खोकं होतं. पडदा नव्हता, तो दुकानदाराकडून घ्यायचा. खोकं मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसला. कंडक्टर आला.

“काय हाय त्याच्यात?”

“कॉम्प्युटर.”

“बंद पडलेला का चालू?”

“चालू हाय.”

“मंग तिकीट लागंल,” कंडक्टर म्हणाला आणि त्यानं सामानाचं तिकीट फाडलं. बंद पडलेल्याला का लागलं नसतं, हे मी विचारणार होतो, पण विनोदनं डोळ्यांनी मला गप्प केलं. लोह्याला गाडी चहाला थांबली तेव्हाही तो खाली उतरला नाही. खिडकीतून मी चहा दिला, तो त्यानं खोक्याच्या वरनं वाकून प्यायला.

नांदेडला स्टेशनच्या बाजूनं आम्ही सुरुवात केली. प्रत्येक दुकानात रीत ठरलेली. विनोद चादर सोडायचा, दुकानदाराचा पडदा जोडायचा, लिनक्स चालू करायचा, आणि मग एकेक प्लेअर वायरीला लावायचा. मुलगी पाहायला गेल्यासारखं सगळं. आम्ही बसायचो, चहा यायचा, दुकानदार गुण सांगायचा आणि विनोद शेवटी ‘कळवतो’ म्हणून उठायचा. एक प्लेअर जोडला तरी कॉम्प्युटरला दिसलाच नाही. एक दिसला पण उघडेना. एक उघडला, गाणं घेतलं, आणि ते वाजवायला सांगितल्यावर गोठून बसला. त्याचा सेल काढून परत घालावा लागला. एका दुकानात परदेशी कंपनीचा देखणा प्लेअर होता. त्यात गाणं भरायचं तर कंपनीचंच सॉफ्टवेअर पाहिजे, आणि ते लिनक्सवर नाही.

“म्हंजी यंत्र मी घेनार, गानं माझं, आन् भरायला कंपनीला इचारायचं?” विनोद म्हणाला.

“सगळं जग विचारतंय,” दुकानदार म्हणाला.

“इचारू द्या की,” विनोद म्हणाला आणि खोक्याला चादर बांधली.

मला आता भूक लागली होती आणि रागही आला होता. भाऊबीजेचं ताट अर्धापूरला गार होत होतं आणि मी एका हेकट माणसाच्या कॉम्प्युटरबरोबर ऑटोत बसून गुरुद्वाराच्या रस्त्यानं चाललो होतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं की आता एकच दुकान, त्याच्यापुढं मी येणार नाही.

ते दुकान एका म्हाताऱ्या सरदारजींचं. मागच्या फळीवरून त्यांनी धूळ बसलेलं छोटं खोकं काढलं. आत बोटाएवढा करडा प्लेअर. पिक्चर नाही, गेम नाही, एक बारका सेल आणि आवाज भरायला एक बटण.

“हे कुनी घेत न्हाई, बघा,” सरदारजी म्हणाले. “याच्यात पिक्चर दिसत न्हाई.”

“मायला पिक्चर बघायचा न्हाई,” विनोद म्हणाला. “झोपायचंय.”

“मंग हे बराबर हाय.”

विनोदनं वायर जोडली. पडद्यावर पेन ड्राइव्हसारखं चित्र उमटलं. त्यानं ऑगचं एक गाणं आत टाकलं, वायर काढली, बटण दाबलं. गाणं वाजलं. मग तो तसाच उभा राहिला, इयरफोन कानात घालून, गाणं संपेपर्यंत. संपल्यावर दुसऱ्यांदा ऐकलं. सरदारजींनी त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर काम केलं, पण त्याचा चेहरा इतका मोकळा झालेला पहिल्यांदाच पाहिला आणि माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

पण नागुबाईला गाणी नको होती. भीमगीतं लावली, तर म्हणाली ही उठून बसायची गाणी. सिनेमाची लावली, तर म्हणाली दोन गाण्यांच्या मधी सामसूम होती. विनोदनं मधली सामसूम काढून टाकली, तर म्हणाली, “गानं ऐकलं की मानसं आठवतेत. नुसतं कुनी बोलनारं न्हाई का?”

असं कुणी बोलणारं म्हणजे मीच. विनोदनं प्लेअर माझ्या टेबलावर ठेवला आणि घूर्णन गतीवरचं माझं लेक्चर अख्खं भरून घेतलं. घरी लिनक्सवर बसून त्यानं मी फळ्यावर लिहितो तेव्हाच्या शांतता कापून काढल्या, तेच तुकडे पुन्हा पुन्हा जोडले, आणि मी रात्रभर पुरेन एवढा लांब झालो. सेलवरच्या एका छोट्या स्पीकरला प्लेअर जोडला. नागुबाईनं दिवसा थोडं ऐकून पाहिलं आणि पसंती दिली. “मास्तर चांगला हाय. बोलतोय तर थांबतच न्हाई.”

इतक्या वर्षांत माझ्या लेक्चरला दाद मिळाली ती ही. मी ती घेतली.

त्या रात्री नागुबाई घरात झोपली. सकाळपर्यंत. विनोदनं क्लासमध्ये पेढे वाटले, कारण विचारल्यावर ‘असंच’ म्हणाला. मला दोन दिले. मला खरंच आनंद झाला होता. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की माझ्या आवाजानं एक माणूस वाचलं. ती म्हणाली, झोपवण्यात तुमचा हात कोण धरणार.

दुसऱ्या रात्री ती अर्ध्यातच उठून पुन्हा शेडमध्ये गेली, आणि तिसऱ्या रात्री आत आलीच नाही. विनोदनं सेल बदलून पाहिला. स्पीकर बदलला. माझा आवाज वाढवला, कमी केला. फाइल परत केली. लिनक्सवाल्यांना इंटरनेटवर विचारलं. तिथं कुठल्याशा देशातल्या एकानं त्याला बराच वेळ खर्चून उत्तर लिहिलं, पण ते आवाजाच्या तांत्रिक बाबीबद्दल होतं, म्हाताऱ्या बायांबद्दल नव्हतं. थंडी वाढत चालली होती. नागुबाई खोकायला लागली होती. शेवटी विनोद मला म्हणाला, “सर, एकदा तुमीच येऊन सांगा. तुमचं ती ऐकंल. तुमचा आवाज तिला वळखीचा झालाय.”

मी रविवारी सकाळी गेलो. नागुबाई शेडमध्ये बाजेवर उन्हाला बसली होती. लुंबिनीनं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि चौकटीला टेकून उभी राहिली. विनोद खाली पायरीवर बसला. मी घसा साफ करून सुरुवात करणार, तेवढ्यात नागुबाईनंच विचारलं.

“सर, त्या पैल्या राती तुमी जागे व्हता का?”

“नाही मावशी. मी लवकर झोपतो. पहाटेचा क्लास असतो.”

“आन् तवा तर तुमी हितं बोलायलेले.”

“ते भरून ठेवलेलं आहे मावशी. मी कधीच बोलून गेलो. यंत्र नुसतं ऐकवतंय.”

“त्येच म्हनते मी,” ती विनोदकडं वळून म्हणाली. “पैल्या राती मला वाटलं, रेडिओवाला असतोय तसा मास्तर जागा बसून बोलायलाय. कुनी तरी जागं हाय, म्हनून मी पडले. दुसऱ्या राती बगते तर सर त्याच पोराला, त्याच गोष्टीपायी, परत रागवायले. म्हनलं, ह्यो तर झोपलेला मानूस हाय. मंग घरात जागं कोन?”

मग मीच म्हणालो, “मावशी, जागं कशाला पाहिजे? घर पक्कं आहे. भिण्यासारखं काही नाही.”

“मी कवा म्हनले मी भेते?”

ती रागावली होती. इतक्या वर्षांचा राग होता, आणि तो मला ऐकावा लागणार हे मला दिसत होतं.

“त्या सालाला गनपती बुडवायच्या राती ह्यास्नी दोन दिसांचं जागरन झालेलं,” ती म्हणाली. हे म्हणजे व्यंकटी. “कोतवालकीच ती. पाटलाच्या मागं, पोलिसाच्या मागं पळायचं. लई उशिरा आले आन् जे पडले ते पडले. शेळी व्यायला झालती, म्हनून मी अंगनात बसलेले. शेळी उठायली, बसायली. गावची कुत्री वरडायली. मंग खालनं गुरगुर आली. ती तर वरीसभर यायचीच, सर, गावाला सवय झालेली. पर त्या राती मला येगळी वाटली. उठवावं का ह्यास्नी, म्हनलं. दारापस्तोर गेले बी. ह्ये घोरायलेले. म्हनलं, आत्ताच डोळा लागलाय. झोपू द्यावं.”

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“मागारी शेळीपाशी आले, आन् घर खाली बसलं.”

विनोदनं हे पहिल्यांदा ऐकलं. त्याच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी शेडचा पत्रा बघत बसलो. मला रडू आलं होतं आणि मी ते लपवलं नाही.

“तुमी म्हंता, म्हातारी छताला भेते,” ती म्हणाली. “मी हितं राखायला बसते. लेकरं आत झोपतेत. कुनी तरी जागं पायजे का न्हाई, हाक मारायला? आतनं काई कळत न्हाई. हितं कळतंय. रेडिओ झोप येऊ न्हाई म्हनून लावते. झोपायचं तर मी दुपारी झोपतेच की.”

आम्ही सगळे तिला झोपवायला निघालो होतो. ती जागं राहायला बसली होती. लिनक्सवर चालणारा, न थांबणारा, रात्रभर पुरणारा प्लेअर शोधून आणला, आणि ज्या माणसासाठी आणला त्याला झोपायचंच नव्हतं.

विनोद उठला. घरात गेला, स्पीकरपासून प्लेअर सोडवून घेऊन आला आणि आईच्या शेजारी बाजेवर बसला.

“माय, आजपासून हितं मी बसतो. तू आत झोप.”

“तुला झोप लागंल.”

“हे कानात घालून बसतो. वाजत राह्यलं की झोप येत न्हाई.”

नागुबाईनं माझ्याकडं पाहिलं. तिला तज्ज्ञाचं मत पाहिजे होतं. “खरं का, सर? ह्यानं जागं राहातंय मानूस?”

माझ्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत काय होतं हे मला माहीत होतं. म्हातारीच्या जिवाचा प्रश्न होता. मी खरं बोललो.

“माझं लेक्चर काढून टाका,” मी म्हणालो. “ती उठून बसायची गाणी भरा.”

विनोदनं तिथल्या तिथं कॉम्प्युटर लावला. करडं यंत्र जोडलं, ते आपसूक उघडलं, मी पुसला गेलो आणि गाणी आत गेली. लुंबिनी म्हणाली, एकट्यानं रोज बसायची गरज नाही, अर्धी रात्र ती बसेल. सकाळचा स्वयंपाक मग विनोद करेल. विनोद हो म्हणाला. नागुबाई सगळं ऐकत होती. बाजेवरनं उठून तिनं आपली वाकळ घडी घालून विनोदच्या हातात दिली, आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाली, “काई बी वाटलं तरी हाक मार. म्हातारी झोपलीय, झोपू द्यावं, आसं म्हनू नको.”

“हाव,” विनोद म्हणाला.

सोमवारी तो क्लासमध्ये तांबरलेल्या डोळ्यांनी आला आणि प्रिंटरवर डोकं ठेवून झोपला. लुंबिनी डबा द्यायला आली तेव्हा मी तिला विचारलं. विनोदनं रात्री दोनदा हाक मारली होती. एकदा रिंग रोडवरनं उसाचा ट्रक गेला तेव्हा आणि एकदा कुत्रं भुंकलं तेव्हा. कानात इयरफोन असल्यामुळं हाक इतकी मोठी गेली, की अख्खी कॉलनी अंगणात येऊन उभी राहिली. लोक बोलायचं ते बोलले. नागुबाई दोन्ही वेळा बाहेर आली, जमिनीला हात लावून बसली, विनोदला ‘बरं केलंस’ म्हणाली, आणि दोन्ही वेळा परत आत जाऊन झोपली.